पर्समधला दांडा : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, नमस्कार. मी नर्स आहे. सेकंड शिफ्ट संपवून नागपुरात मेडिकल चौकातून मानेवाड्याकडे स्कूटीनं येते, तेव्हा रात्रीचे साडेदहा-अकरा होतात. गाडी लावायची जागा आणि आमची बिल्डिंग यांच्यात एक अंधारी गल्ली आहे. मैत्रिणीनं फोल्डिंग बॅटन (नळे एकात एक सरकून मिटणारा दांडा) घ्यायला सुचवलं. ऑनलाइन १६, २१ आणि २६ इंच असे तीन प्रकार दिसतात. कोणता घेऊ?

उत्तर : बाई, तुमच्यासाठी २१ इंची. तो मिटवला की साधारण आठ इंचांचा होतो आणि पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात बसतो. १६ इंची खिशात छान मावतो, पण तो वापरायचा तर समोरच्याच्या हाताच्या टप्प्यात जावं लागतं. तुमची उंची-ताकद त्याच्यापेक्षा कमी असेल तर तिथं जायचंच नाही. २६ इंची लांब पडतो, जडही होतो, आणि अरुंद गल्लीत भिंतीला अडकतो. मी पोलिसात असताना लांब लाठी वापरली, आता महाल भागात मुलींना लाठी शिकवते. अंतर राखणं हाच लाठीचा जीव आहे, आणि ते अंतर २१ इंचाखाली मिळत नाही.

लांबीनंतर लॉक पाहा. साधा बॅटन झटका देऊन उघडतो आणि त्याचे नळे एकमेकांत घट्ट रुततात. झटका अर्धवट पडला तर पहिल्याच फटक्याला तो परत आत जातो. बंद करताना टोक सिमेंटच्या जमिनीवर सरळ आपटावं लागतं (घरातल्या टाइल्सवर आपटू नका, तडा जाईल). बटणाचा प्रकार दाबून बंद होतो, महाग असतो, पण रोज सरावानं उघडमीट करणाऱ्या बाईला तोच सोयीचा. स्प्रिंगचा, लवणारा दांडा मात्र घेऊ नका. तो कुठं वळेल याचा भरवसा नाही, अडवायला तर काहीच कामाचा नाही.

स्टीलचा २१ इंची अर्ध्या किलोच्या आसपास भरतो. दुकानात हातात घेऊन मनगट फिरवून पाहा. फोटो पाहून मागवू नका. मूठ खाचा असलेल्या रबराची असावी. फोमची मूठ मे महिन्यात स्कूटीच्या डिकीत राहिली की चिकट होते, पुढे तिचे तुकडे पडतात. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, हाताला घाम असतोच. आणि नळ्यांना तेल लावू नका. तेलानं पकड सुटते. कोरड्या फडक्यानं धूळ पुसली की पुरे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डिकीतला बॅटन म्हणजे घरी राहिलेला बॅटन. माझ्या वर्गात मुलींना मी सांगते, तुमच्याच पर्समध्ये डबा, चार्जर, ओढणी सगळं असू द्या आणि चालता चालता दांडा बाहेर काढा. बहुतेकींची चेन अडकते. म्हणून गाडी बंद करण्याआधी तो जॅकेटच्या उजव्या खिशात घ्या, हेल्मेट डोक्यावरच ठेवा, मग गल्लीत शिरा. गाडीवर असताना कुणी मागं लागलं तर बॅटनचा विचार नको. गाडी दामटा, उजेडाच्या, माणसांच्या जागी थांबा, ११२ लावा.

मारायची वेळ आलीच तर मांडीवर किंवा पुढं आलेल्या हातावर. डोकं, मान, मणका कधीच नाही. स्टीलच्या नळ्यानं कवटी फुटते, माणूस मरतो. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क देतात, पण कलम ३७ सांगतं की बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. तो पळाला की तुमचा हात थांबला पाहिजे. एक फटका, मोठ्यानं ओरडणं, आणि उजेडाकडे धाव.

दुकानदार ‘लायसन लागत नाही’ म्हणून सोडून देतो. शस्त्र कायदा, १९५९ मध्ये लाठी आणि साधी हातकाठी वगळली आहे हे खरं, पण स्टीलचा घडीचा दांडा हातकाठी आहे असं गृहीत धरू नका. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ (१) खाली पोलीस आयुक्त मनाई आदेश काढू शकतात. त्यात काठ्या-लाठ्या आणि इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू येते. सण, निवडणूक, डिसेंबरातलं विधिमंडळाचं अधिवेशन अशा दिवसांत आधी आपल्या ठाण्यात विचारा, आदेश असेल तर दांडा घरी ठेवा.

सराव करणार नसाल तर घेऊ नका, हे मी मनापासून सांगते. जुनी गादी गुंडाळून खांबाला बांधा आणि दोन्ही हातांनी उघडायला-मारायला शिका. सराव नसलेल्या हातातून दांडा हिसकावला जातो. तेवढा वेळ नसेल तर झगझगीत टॉर्च आणि शिट्टी घ्या. आणि सोसायटीच्या मागं लागून त्या गल्लीत दिवा लावून घ्या. तो तर बॅटन असला तरी हवाच.

प्रश्न : मुलगी शिकायला पुण्याला चालली. तिला विमानात सोबत बॅटन देता येईल का?

उत्तर : केबिन बॅगेत नाही, तपासणीत काढून घेतात. सामानात टाकण्याआधी विमान कंपनीला विचारा, आणि हॉस्टेलच्या वॉर्डनलाही. पण दादा, ती स्वतः मागतेय की तुम्ही देताय? तिची इच्छा नसेल तर तो कपाटातच पडून राहील. आधी तिच्याशी बोला.

प्रश्न : अंबाझरीला सकाळी फिरायला जातो. कुत्र्यांसाठी बॅटन चालेल?

उत्तर : काका, नको. कुत्र्याशी २१ इंच म्हणजे तुम्हाला वाकावं लागणार, म्हणजे तोंड आणि हात त्याच्या जवळ. छातीपर्यंत येणारी साधी बांबूची काठी घ्या, टोक खाली, तुमच्या आणि त्याच्या मध्ये धरा. मारायचं नाही. पळू नका, डोळ्याला डोळा लावू नका, हळूहळू मागं सरका. चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा आणि सगळे डोस पूर्ण करा.