रोजगार सेवकाच्या हाती नेमके काय असते?

प्रश्न : मी परभणी येथे समाजकार्याचे शिक्षण घेत असून आमच्या अभ्यासक्रमात ब्रिटन आणि जर्मनीतील बेकारांना भत्त्याकडून कामाकडे नेणाऱ्या धोरणांचा भाग आहे. धोरण कागदावर काहीही असले, तरी प्रत्यक्षात ते टेबलावर बसलेला कर्मचारीच ठरवतो, असे आम्हाला शिकवले जाते. गेवराई तालुक्यातील आमच्या गावचे ग्रामरोजगार सेवक, म्हणजे गावात रोजगार हमीच्या कामांचे अर्ज घेणारे आणि दप्तर ठेवणारे कर्मचारी, मात्र म्हणतात, “माझ्या हातात काहीच नाही, सगळं तालुक्याहून ठरतं.” यांपैकी खरे काय मानावे?
— एक वाचक, जि. बीड

उत्तर : दोन्ही विधाने आपापल्या जागी खरी आहेत. ग्रामरोजगार सेवकाला काम मंजूर करता येत नाही, मजुरीचा दर ठरवता येत नाही की पैसे खात्यावर सोडता येत नाहीत. त्याच्या हाती असते ते या सगळ्याच्या आधीचे : कोणाला काय सांगायचे, कोणाचा अर्ज घ्यायचा आणि त्यावर कोणती तारीख घालायची.

तारखेचेच पाहा. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर रोजगार हमीची कामे निघाली, १९७७ मध्ये महाराष्ट्राने त्यासाठी कायदा केला आणि मागेल त्याला काम देण्याचे तत्त्व पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्यात (मनरेगा) आले. त्या कायद्याने असे ठरवले की मजुराने कामाची मागणी लेखी करावी, तिची तारखेसह पोच घ्यावी आणि १५ दिवसांत काम न मिळाल्यास त्याला बेकारी भत्ता मिळावा. पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि त्यापुढे किमान निम्मा. गावात अनेकदा हा क्रम उलटतो. “साइट निघू द्या, मग तुमचा नमुना चार भरून घेतो,” असे मजुराला सांगितले जाते; नमुना चार म्हणजे काम मागण्याचा अर्ज. काम मंजूर होऊन मस्टर, म्हणजे मजुरांचा हजेरीपट, निघायची वेळ आली की सगळ्यांच्या सह्या-अंगठे एकदम घेतले जातात आणि मागणीची तारीख त्या बेताने पडते. मागणीच उशिरा नोंदल्यामुळे १५ दिवस कधी उलटत नाहीत, भत्त्याचा प्रश्न उद्भवत नाही आणि दप्तर निर्दोष दिसते. कायद्यातला एक शब्दही न बदलता हक्काचे काम हे सवडीने मिळणारे काम होऊन बसते.

याचा सारा दोष सेवकावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. पोच दिली आणि काम निघाले नाही, तर रोज दारात येणारे मजूर त्यालाच जाब विचारतात आणि वरिष्ठही त्यालाच धारेवर धरतात. त्याचे मानधन अनेक वर्षे भरलेल्या मनुष्यदिवसांच्या, म्हणजे गावातील सर्व मजुरांनी मिळून केलेल्या कामाच्या दिवसांच्या, प्रमाणात ठरत आले. प्रामाणिकपणे दिलेल्या पोचपावतीचा त्यात कोठेही हिशेब नव्हता. ज्याची मोजदाद होते तेच काम जपले जाते.

तरीही काही निर्णय खरोखर त्याचे असतात. नवऱ्याने टाकलेली बाई माहेरी भावाच्या घरात राहत असेल, तर तिला स्वतंत्र कुटुंब मानून वेगळे जॉबकार्ड द्यायचे की भावाच्याच कार्डावर तिचे नाव चढवायचे, याची पहिली शिफारस बहुधा त्याच्याच तोंडून होते. वर्षाचे हमीचे दिवस कुटुंबाला मिळून मोजले जात असल्यामुळे त्या शिफारशीवर त्या बाईची वर्षभराची मजुरी अवलंबून असते. हजेरीच्या बाबतीत मात्र ही मोकळीक आटली आहे. जानेवारी २०२३ पासून कामावरील मजुरांचे फोटो मोबाइल अ‍ॅपवर दिवसातून दोनदा चढवणे बंधनकारक झाले. त्यामुळे एप्रिल-मेच्या उन्हात सकाळी लवकर येऊन नेमून दिलेले माप उरकलेल्या मजुरांनाही दुसऱ्या फोटोसाठी थांबावे किंवा परत यावे लागते आणि सेवकाला ते पटत नसले तरी त्याचा इलाज चालत नाही.

आता आपल्या अभ्यासक्रमाकडे येऊ. ब्रिटनमधील रोजगार केंद्रातला सल्लागार बेकार व्यक्तीकडून काम शोधण्याची लेखी हमी घेतो, आठवड्याला ३५ तासांपर्यंत शोध घेण्याची अट घालू शकतो आणि लहान मूल किंवा आजारपण पाहून ती शिथिलही करू शकतो. अट मोडली तर भत्ता कापण्याचा निर्णय तो स्वतः घेत नाही. तो प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवतो. म्हणजे “माझ्या हातात नाही” असे त्यालाही म्हणता येते, पण प्रकरण पाठवायचे की नाही हे त्याच्याच हाती असते. जर्मनीत ही कपात इतकी वाढत गेली की नोव्हेंबर २०१९ मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाला ३० टक्क्यांपेक्षा अधिक कपात घटनाबाह्य ठरवावी लागली. मूळ फरक असा की तिथे काम शोधत असल्याचा पुरावा बेकाराने द्यायचा असतो, तर आपल्या कायद्याने काम पुरवण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. गावात उशिरा पडलेली तारीख ही जबाबदारी गुपचूप मजुराकडे सरकवते.

आपण प्रकल्प करणार असाल, तर सेवकाची नुसती मुलाखत घेऊन थांबू नका. बीडमधून ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, त्याआधीच घेतलेली असते. त्यापूर्वीच्या दोन महिन्यांत कोणी तोंडी काम मागितले होते ते घरोघरी विचारा आणि त्या नावांपुढे दप्तरात मागणीची कोणती तारीख आहे, की ती नावेच तिथे नाहीत, हे ताडून पाहा.