डॉक्टर नाही, नुसती मिडवाइफ?

"ताई, इथे नऊ महिने मिडवाइफच बघणार म्हणे. आई साताऱ्याहून रोज रडते, सुइणीच्या हाती तुला कशी सोडू म्हणते." ऑकलंडहून व्हिडिओ कॉलवर ती पहिलं हेच बोलली. परदेशी गेलेल्या मुलींकडून ही भीती मी नेहमी ऐकते.

न्यूझीलंडमध्ये 1990 च्या कायद्यानंतर मिडवाइफ स्वतंत्रपणे बाळंतपण करते. ती शिकलेली आणि नोंदणीकृत असते. तपासण्या, कळा, बाळंतपण आणि नंतर चार-सहा आठवडे घरी येऊन बघणं, सगळं तिच्याकडे. डॉक्टरांकडे कधी पाठवायचं याचे नियम ठरलेले आहेत. 18,000 हून जास्त बायकांवरच्या 17 अभ्यासांचा कोक्रेन आढावाही (कोक्रेन म्हणजे जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) मी तिला सांगितला: अशा सलग देखभालीत सिझेरियन आणि चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून होणारी बाळंतपणं कमी आढळली.

ती ऐकत होती, पण चेहरा उतरलेलाच. मग हळूहळू निघालं. पुण्यात तिचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं होतं. दवाखान्यातल्या त्या दोन दिवसांत ड्यूटी बदलली की नवं माणूस यायचं आणि "काय झालं?" पासून सुरुवात. "सहा वेळा सांगितलं मी, ताई."

तिला परक्या माणसांची धास्ती बसली होती, डिग्रीचा प्रश्न नव्हताच. मी म्हटलं, पहिल्याच भेटीत मिडवाइफला हे सांग, नोंदीत लिहायला लाव. आणि तिच्या सुटीच्या दिवशी कोण येणार ते विचारून त्या बाईलाही एकदा भेट. हा प्रश्न बहुतेक जणी विचारायच्या राहून जातात.

अठ्ठाविसाव्या आठवड्यात साखर वाढली. हॉस्पिटलच्या डॉक्टरांकडे जावं लागलं, पण मिडवाइफ सुटली नाही. कळा सुरू झाल्या त्या रात्री मात्र नेमकी तिची सुटी. बदली मिडवाइफ आली, एकदाच भेटलेली. आत येताच म्हणाली, "तुझं आधीचं मला ठाऊक आहे. पुन्हा सांगू नकोस." ती तिथेच रडली, आणि मग कळांना सामोरी गेली.

सहाव्या दिवशी मिडवाइफ घरी बाळाचं वजन करत होती, तेव्हा आई कॉलवर होती. म्हणाली, "ही तर घरी येते गं!"

महाराष्ट्रात ही सोय बहुतेक जणींना अजून नाही. म्हणून इथल्या मुलींना मी सांगते, आधी काही सोसलं असेल तर फाइलच्या पहिल्या पानावर दोन ओळीत लिहा, आणि नवं माणूस आलं की ते पान पुढे करा.