थव्यावर नेम कसा धरायचा?

प्रश्न : सुभेदारसाहेब, नमस्कार. माझा मुलगा सैन्याच्या हवाई संरक्षण तुकडीत आहे, पंजाबात. 2025 च्या मे महिन्यात ड्रोन येत होते तेव्हा आमच्या घरात कुणी झोपलं नाही. आता ऐकते की यापुढे ड्रोन थव्याने येणार, आपापसांत ठरवून हल्ला करणार. मग तोफेवरच्या माझ्या पोराने करायचं काय?
— एक आई, ता. कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : ताई, त्या रात्री मीही जागाच होतो. एल-70 या विमानविरोधी तोफेवर माझी निम्मी नोकरी गेली. ही तोफ मुळात स्वीडनची, आपल्याकडे 1960 च्या दशकात आली. माझ्या उमेदवारीच्या काळातच लोक तिला जुनी म्हणायचे. त्याच तोफेने, नवे कॅमेरे आणि नवी यंत्रणा बसवून, मे महिन्यात ड्रोन पाडले. तुमच्या मुलाच्या हातात जे आहे ते टाकाऊ नाही, हे आधी मनात पक्कं करा.

आता थव्याचं. आमचं शिक्षण ओडिशातल्या गोपाळपूरला झालं. समुद्रावर लक्ष्य उडायचं, एकच. ते दिसलं, नेम धरला, पुढचा अंदाज घेतला, गोळे सोडले. सगळी कवायत ‘एक लक्ष्य, एक तोफ’ याच हिशेबाने बसवलेली होती. थवा हा हिशेबच मोडतो. 8 मेच्या रात्री लेहपासून गुजरातच्या सर क्रीक खाडीपर्यंत 36 ठिकाणी पाकिस्तानचे 300 ते 400 ड्रोन आल्याचं आपल्या सैन्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं. आपली हवाई संरक्षण व्यवस्था चाचपून पाहणं आणि माहिती गोळा करणं हा त्यामागचा हेतू असावा, असंही सांगितलं. म्हणजे नुकसान करण्याइतकंच महत्त्वाचं काम असतं तुम्हाला गोळीबार करायला लावणं. तोफ बोलली की तिची जागा कळते, रडार सुरू झालं की त्याचीही. दारूगोळा संपत जातो तो वेगळाच.

पैशाचंही तसंच. युक्रेनवर रात्री-अपरात्री येणाऱ्या रशियाच्या शाहेद ड्रोनची किंमत साधारण वीस-चाळीस लाख रुपये धरतात. ते पाडणाऱ्या अमेरिकी पेट्रियट यंत्रणेचं एक नवं क्षेपणास्त्र तीस कोटींच्या पुढे जातं. हा व्यवहार फार दिवस कुणालाच परवडणारा नाही. म्हणून तर जुन्या तोफांना पुन्हा मान आला. नागपूरच्या सोलर कंपनीने ‘भार्गवास्त्र’ बनवलं आहे. ते छोटी रॉकेटं सोडून अडीच किलोमीटरपर्यंतचे ड्रोन पाडण्यासाठी आहे. मे 2025 मध्ये त्याची चाचणी झाली ती गोपाळपूरलाच. ती बातमी मी दोनदा वाचली.

लहानपणी ज्वारी हुरड्यात आली की मी माळ्यावर गोफण घेऊन बसायचो. भोरड्यांचा थवा उतरला की धोंडा कुणाला लागला हे महत्त्वाचं नसायचं. गोफणीचा कडाका झाला की अख्खा थवा उठायचा. जॅमरचं काम बरंचसं त्या कडाक्यासारखं असतं : ड्रोनचा रेडिओ संपर्क किंवा उपग्रहावरून मिळणारी दिशा तोडायची. 2018 च्या जानेवारीत सीरियातल्या रशियन तळांवर 13 ड्रोन आले. त्यातले 7 रशियाने पाडले आणि 6 संपर्क ताब्यात घेऊन उतरवले. पण युक्रेनच्या आघाडीवर दोन्ही बाजूंनी मागे काचतंतूची (ऑप्टिकल फायबरची) बारीक तार सोडत जाणारे ड्रोन आणले. त्यांचा संपर्क तारेतूनच चालतो, म्हणून तिथे जॅमर हात टेकतो. जो ड्रोन स्वतःच बघून स्वतःच ठरवतो, त्यालाही कडाक्याची भीती नाही.

माझी खरी काळजी याच्या पुढची आहे. 8 मेच्या त्या रात्री पाकिस्तानने स्वतःचं हवाई क्षेत्र नागरी विमानांना बंद केलं नव्हतं, असं आपल्या अधिकाऱ्यांनी नकाशा दाखवून सांगितलं. आकाशात ड्रोन आणि प्रवासी विमानं एकाच वेळी. त्या वेळी कशावर गोळी झाडायची नाही, हे माणसांनी ठरवलं. आता ‘आकाशतीर’सारखी यंत्रणा सगळ्या रडारांचं चित्र एकत्र करून तुकडीपर्यंत पोचवते, आणि ते हवंच, पन्नास ठिपके एकदम आले तर माणसाचं डोकं पुरत नाही. पण शेवटचा ‘नाही’ माणसाकडेच राहिला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. 2023 च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांत अशा स्वयंचलित शस्त्रांबद्दलचा ठराव 152 विरुद्ध 4 मतांनी मंजूर झाला. त्या चारांत आपण होतो. या विषयाची चर्चा जिनिव्हाच्या शस्त्रकराराच्या चौकटीतच व्हावी, ही भारताची भूमिका मला ठाऊक आहे. तरी सैनिक म्हणून ते मत मला टोचलं.

एक काम मात्र तुमच्या हातात आहे. मुलाचा फोन आला की ‘कुठं आहेस’ असं विचारू नका, आणि त्याने पाठवलेला फोटो गावच्या ग्रुपवर टाकू नका. जेवलास का, झोपलास का, एवढं विचारा.

प्रश्न : सर, दिल्लीला बीटिंग रिट्रीटमध्ये 1000 ड्रोनचा शो झाला होता. तोही ‘स्वॉर्म’च, म्हणजे थवाच ना?
— अकरावीचा विद्यार्थी, बारामती

उत्तर : बाळा, 2022 चा तो शो देखणा होता, पण अशा शोमध्ये प्रत्येक ड्रोनची वाट आधी आखलेली असते. 1 जून 2025 ला युक्रेनने ट्रकवरच्या लाकडी खोल्यांतून 117 ड्रोन सोडून रशियाचे विमानतळ गाठले, तेव्हाही युक्रेनच्या सांगण्यानुसार प्रत्येक ड्रोनला वेगळा चालक होता. संख्या मोठी असली म्हणून थवा होत नाही. खऱ्या थव्यात ड्रोन एकमेकांकडे बघून वाट बदलतात, आणि चार पडले तर त्यांचं काम उरलेले वाटून घेतात. दिल्लीत 15 जानेवारी 2021 च्या सेनादिनाला आपल्या सैन्याने 75 ड्रोन उडवून दाखवले, तो प्रयत्न या दिशेचा होता.

तुझ्याकडे तर हे बघायला हिवाळ्यात उजनीच्या काठावर येतंच. भोरड्यांच्या थव्यात नायक नसतो. त्यांच्याच कुळातल्या रोमच्या पक्ष्यांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं, की प्रत्येक पक्षी जवळच्या सहा-सात सोबत्यांवरच नजर ठेवतो. संध्याकाळी जा, आणि ससाणा आला की थवा कुठून फाटतो आणि कसा परत जुळतो ते नीट बघ. वहीत काढ आणि मला पाठव.