फौजी थेरपीला टिकेल का?

सप्रेम नमस्कार,

माजी सैनिकांना एमएमपीआय ही व्यक्तिमत्त्व चाचणी देऊन ट्रॉमा थेरपी (मानसिक आघातावरचे उपचार) कोण अर्धवट सोडेल ते आधीच ओळखायचं, हा तुझा बेत चांगला आहे. फक्त त्या गुणांची चाळणी करून कुणाला थेरपी नाकारू नकोस. गळण्याची शक्यता जिथे दिसते, तिथे पहिल्या तीन-चार सत्रांची तयारी जास्त करायची, एवढ्यापुरताच त्यांचा उपयोग.

आधी 'टिकला' म्हणजे काय ते ठरव. सीपीटीची (आघाताबद्दलचे विचार तपासून बदलायला शिकवणारी थेरपी) सत्रं साधारण 12. सातव्या सत्रानंतर कुणी थांबला, पण त्याचा पीसीएल-५ चा, म्हणजे आघातानंतरच्या लक्षणांच्या प्रश्नावलीचा, गुण 52 वरून 20 वर आला असेल, तर त्याला गळालेल्यांत मोजू नकोस. हजेरी आणि गृहपाठ यांची नोंदही वेगवेगळी ठेव. नेमाने येणारा, पण एकही तक्ता न भरणारा माणूस तुला भेटेलच.

एमएमपीआयच्या एमएमपीआय-२-आरएफ या आवृत्तीत 338 विधानं आहेत, उत्तर 'बरोबर' किंवा 'चूक'. खरी अडचण नकारार्थी विधानांची. 'मला अमुक कधीच होत नाही' याला 'चूक' म्हणायचं की 'बरोबर', यात माणूस गोंधळतो आणि कंटाळून सरसकट एकच उत्तर ठोकत जातो. म्हणून सुरुवातीला तशी चार-पाच सराव वाक्यं सोडवून घे. टेबलापलीकडून वऱ्हाडीत तोंडी भाषांतर मात्र करू नकोस. प्रमाणगट, म्हणजे ज्यांच्या उत्तरांशी तुलना होते तो गट, 2,276 अमेरिकन प्रौढांचा. आधीच लांबचा, त्यात शब्द बदलले तर तुलनेला काही उरत नाही.

गुण आले की आधी वैधतेच्या मापण्या बघ. व्हीआरआयएन-आर (विसंगत उत्तरं) किंवा टीआरआयएन-आर (सरसकट 'बरोबर' किंवा 'चूक') 80 टी-गुण (प्रमाणगटाशी तुलना करून काढलेला गुण) किंवा त्याहून वर असेल, तर पुढचं काही वाचू नकोस. एफ-आर (क्वचितच कुणी देतं अशी उत्तरं मोजणारी मापणी) चढा दिसला म्हणून लगेच 'नाटक करतोय' असा शेरा मारू नकोस. पीटीएसडीत, म्हणजे आघातानंतरच्या मानसिक आजारात, तो खरोखरच चढतो. पेन्शनच्या मेडिकल बोर्डाचा विचारही माणसाच्या डोक्यात असतो, म्हणून हा कागद उपचारासाठी आहे, हे पेन हातात देण्याआधी सांग. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 ने त्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, तोही सांग.

मग आरसी-२ (उमेद, आनंद यांचा अभाव) आणि आरसी-३ (माणसांबद्दलचा अविश्वास) या मापण्या बघ. आरसी-२ 65 च्या वर असेल, तर उमेद कमी. पहिला गृहपाठ अगदी छोटा दे. आरसी-३ वर असेल, तर माणसांवर भरवसा नाही. थेरपी का आणि कशी चालते ते आधी उघड मांड, पहिल्याच दिवशी 'काय घडलं ते सांगा' म्हणू नकोस.

गावात मात्र चाचणीत न दिसणारी कारणं जास्त माणसं गळवतात. जूनमध्ये पेरणी, दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन, मग कापसाची वेचणी. एप्रिलच्या मध्यापासून आठवड्याला दोन सत्रं घेतलीस, तर मृगाआधी 12 होतात. उन्हामुळे सकाळची वेळ दे. दीर्घ एक्सपोजर (आघाताची आठवण पुन्हा पुन्हा सांगून तिला सामोरं जाण्याची थेरपी) करत असशील, तर सत्राचं रेकॉर्डिंग घरी ऐकावं लागतं, आणि भरल्या घरात ते कुठे ऐकणार? ती जागा आधीच ठरवून घे.

चुकलेल्या प्रत्येक सत्रापुढे कारण लिही: एसटी, शेत, दारू, की आठवणींची भीती. यातलं शेवटचं टाळणं हे आजाराचंच लक्षण, म्हणून फोन त्याच दिवशी गेला पाहिजे. ही वही नसेल, तर वर्षाअखेरीस चुकलेली एसटीसुद्धा स्वभावाच्या खात्यात मांडली जाईल.