‘गेट’ या इंग्रजी क्रियापदाचे सगळे अर्थ पाठ कसे करायचे?

पाठ करूच नका. याद्या घोकून ‘गेट’ येत नाही. आपण ‘लागणे’ कधी घोकलं होतं? भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, जावं लागतं, मूल रडू लागतं. शेजारी कोण बसलंय त्यावरून अर्थ कळतो. ‘गेट’पुढे वस्तू आली की मिळणं किंवा आणणं, ‘टायर्ड’सारखं विशेषण आलं की होणं, ‘होम’ आलं की पोहोचणं. एवढं तुम्हाला माहीत असेलच.

खरी मेख ‘गेट समथिंग डन’मध्ये आहे आणि त्यावरून माझं साहेबांशी चांगलंच वाजलं होतं. त्यांच्या मते ‘गेट’ हा आळशी माणसांचा शब्द. कुणाच्याही मेलमध्ये दिसला की खोडायचे, जमेल तिथे ‘रिसीव्ह’ किंवा ‘ऑब्टेन’ घालायचे. मी ग्राहकाला लिहिलं होतं, ‘आय विल गेट द फिगर्स चेक्ड.’ म्हणजे आकडे तपासून घेते. तपासणार होता हिशेब विभाग, मी फक्त पाठपुरावा करणार होते. साहेबांनी केलं, ‘आय विल चेक द फिगर्स.’ मेल माझ्या नावाने गेला. पुढे आकड्यांत चूक निघाली, तेव्हा ग्राहकाने मलाच धरलं: तुम्ही स्वतः तपासते म्हणाला होतात. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच. मी विचारलं, ‘तपासते’ आणि ‘तपासून घेते’ एकच का? तर म्हणे, इंग्रजीत मराठी आणू नका. अहो, फरक इंग्रजीतच आहे!

‘आय गॉट हिम टू साइन’ हे त्याच घरातलं: त्याला सही करायला राजी केलं. इथे ‘टू’ लागतोच. ‘आय मेड हिम साइन’मध्ये मात्र तो चालत नाही. ‘दे वेअर मॅरीड’ म्हणजे लग्न झालं की ते आधीच विवाहित होते, हे नुसत्या वाक्यावरून ठरत नाही. ‘दे गॉट मॅरीड’मध्ये लग्न लागलंच. यातलं एक तरी वाक्य ‘रिसीव्ह’ किंवा ‘ऑब्टेन’ घालून लिहून दाखवावं कुणी.

हो, करारनाम्यात किंवा परीक्षेच्या औपचारिक निबंधात ‘गेट’ बेतानेच वापरा, तिथे ‘रिसीव्ह’, ‘बिकम’ शोभतात. आणि अमेरिकन लेखनात ‘हॅव गॉटन’ दिसलं तर ते मिळालं, झालं या अर्थी असतं. ‘माझ्याकडे आहे’ या अर्थी तिथेही ‘हॅव गॉट’च.

पण आळशी शब्द? ‘गेट’ मध्ययुगात जुन्या नॉर्समधून, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतून, इंग्रजीत आला, साहेबांचा लाडका ‘रिसीव्ह’ फ्रेंचमधून. दोघंही बाहेरूनच आलेले, मग एकटा ‘गेट’ गावंढळ कसा? तुमचं ‘गेट’ कुणी खोडलं, तर मेल पाठवण्याआधी एवढंच विचारा: नव्या वाक्यात काम कोण करतंय? मी त्या दिवशी हे मेल जाण्याआधी विचारायला हवं होतं असं साहेब नंतर म्हणाले. मेल त्यांनी परस्पर पाठवला होता.