स्क्रिप्टमधल्या आयएसओच्या लिंका सारख्या का तुटतात?

प्रश्न: मी एक छोटी शेल स्क्रिप्ट लिहिलीये, ती डेबियन, उबंटू आणि फेडोरा या लिनक्स सिस्टिम्सच्या आयएसओ फाइली (इन्स्टॉल करायच्या डिस्कची हुबेहूब प्रत) कर्ल या कमांडने डाउनलोड करते आणि व्हर्च्युअल मशीन उभं करते. आधी मस्त चालायची. आता डेबियनची फाइल येते, एरर काहीच नाही, पण मशीन बूट होत नाही आणि फाइलची साइज बघितली तर जेमतेम काही केबी. नवीन लिंक टाकली की चालतं, मग परत तेच. कायमचा इलाज सांगा ना. – एक वाचक

उत्तर: आधी त्या फाइलवर 'फाइल' ही कमांड चालवून बघा, आयएसओ ऐवजी एचटीएमएल डॉक्युमेंट असं उत्तर येईल बहुतेक. म्हणजे सर्व्हरने "पान सापडलं नाही" म्हणून ४०४ चं पान पाठवलं आणि कर्लने ते निमूटपणे तुमच्या आयएसओच्या नावाने सेव्ह केलं, वर एक्झिट कोडही (काम झालं की फसलं ते सांगणारा आकडा) शून्य, म्हणजे 'झालं', असा दिला, त्यामुळे स्क्रिप्टला वाटलं सगळं ओके. म्हणून आजच कर्लला डॅश एफ लावा, मग ४०४ आला की एक्झिट कोड २२ येतो आणि स्क्रिप्ट तिथेच थांबवता येते. सोबत कॅपिटल एल पण लावा, रीडायरेक्टसाठी.

आता मूळ दुखणं. डेबियनच्या 'करंट' फोल्डरमध्ये फक्त ताजी आवृत्ती असते. जून २०२४ मध्ये १२.६ आली तशी १२.५.० ची फाइल तिथून हलली आणि अर्काइव्हमध्ये, म्हणजे जुन्या फाइलींच्या साठ्यात गेली. उबंटूच्या मुदत संपलेल्या आवृत्त्या ओल्ड-रिलीजेस सर्व्हरवर जातात, फेडोराची एक आवृत्ती साधारण १३ महिने सांभाळतात, मग तीही अर्काइव्हला. म्हणजे यात कोणाची चूक नाही, फाइलचं पूर्ण नाव तुम्ही स्क्रिप्टमध्ये कोरून ठेवलंय तोवर लिंक तुटणारच, आज ना उद्या.

माझं स्पष्ट मत आहे की स्क्रिप्टमध्ये फक्त फोल्डरचा पत्ता ठेवावा आणि फाइलचं नाव दर वेळी सर्व्हरलाच विचारावं. डेबियन आणि उबंटूच्या फोल्डरमध्ये आयएसओच्या शेजारीच चेकसमची (फाइल जशीच्या तशी उतरली का ते पडताळायच्या कोडची) फाइल असते, शा २५६ वाली, तिचं नाव कधी बदलत नाही. आधी ती छोटी फाइल आणा, ग्रेप या शोधायच्या कमांडने हवी ती ओळ काढा, त्या एकाच ओळीत नावही मिळतं आणि चेकसमही. दोन ठिकाणी मात्र हमखास अडकायला होतं. डेबियनच्या यादीत एज्यू आणि मॅकवाल्या नेटइन्स्ट फाइलीही असतात, म्हणून पॅटर्न असा लिहा की "डेबियन", डॅश आणि लगेच आकडा. आणि उबंटूच्या यादीत नावाच्या आधी एक स्टार चिकटलेला असतो, ऑक या कमांडने ओळीतला दुसरा कॉलम घेतला की तो स्टार थेट यूआरएलमध्ये जातो आणि परत ४०४, तेव्हा तो आधी काढून टाका.

फेडोराचं गणित वेगळं आहे, तिथे चेकसमच्या फाइलच्या नावातच आवृत्तीचा नंबर असतो. पण त्यांच्या साइटवर रिलीजेस नावाची जेसन फाइल आहे, तिच्यात लिंक, साइज आणि चेकसम सगळं मिळतं, जेसन वाचणाऱ्या जेक्यू या कमांडने काढून घ्या.

डाउनलोड झालं की चेकसम जुळवल्याशिवाय पुढे जाऊ नका, अगदी घाई असली तरी, कारण अर्धवट उतरलेली फाइलही नावाने आयएसओच दिसते. मुद्दाम जुनीच आवृत्ती हवी असेल तर आधी नेहमीचा पत्ता आणि तो फेल झाला तर अर्काइव्हचा, असं फंक्शन करा. अर्काइव्हच्या यादीतून सगळ्यात नवीन निवडायची असेल तर सॉर्टला कॅपिटल व्ही द्या, नाहीतर १२.९ च्या आधी १२.१० येतं आणि जुनीच फाइल उचलली जाते.

आणि क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) आठवड्यातून एकदा सगळ्या लिंका नुसत्या तपासून घ्या, कर्लला कॅपिटल आय दिलं की फक्त हेडर येतात, पूर्ण फाइल उतरवायची गरज पडत नाही.