हिकरी लाकडाच्या दांडीचे जुने गोल्फ क्लब (खेळायच्या काठ्या) घेताना

आधी खिशात लोहचुंबक ठेवा. १९३०च्या आसपास लोखंडी दांड्यांवर लाकडासारखा दिसणारा लेप देत. चुंबक चिकटला तर ती हिकरी नव्हे. ब्रिटिश खेळात लोखंडी दांडीला मान्यता १९२९ साली मिळाली, त्यामुळे खरी हिकरी बहुधा त्याआधीची.

या क्लबांना आकड्यांऐवजी नावं असतात: मॅशी म्हणजे साधारण आजचा ५ नंबर, मॅशी-निब्लिक ७, निब्लिक ९. पात्याच्या मागे लोहाराची खूण शोधा. चिलीम दिसली तर टॉम स्ट्यूअर्ट, हाताचा पंजा दिसला तर निकोल. म्हणूनच गंज काढायला बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपात बफिंगला (यंत्रावर घासून चकचकीत करायला) देऊ नका! खूण पुसली की किंमतही गेली. अगदी बारीक स्टील वूल, थोडं तेल, आणि हात.

क्लबचं डोकं, म्हणजे चेंडूला लागणारा भाग, खुळखुळतंय का, हे हलवून बघा. बेळगावच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि डोकं घट्ट वाटतं; एप्रिलमध्ये आकसलं की सैल होतं. तेव्हा खरेदी उन्हाळ्यात बरी. पाण्यात बुडवून घट्ट करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, वाळल्यावर ते आणखी ढिलं होतं. आडवी पिन काढून, खाच साफ करून इपॉक्सी गोंदानं बसवा. दांडीला जवसाचं तेल पातळ चोळा, जादाचं पुसून टाका. तेलकट चिंधी मात्र गोळा करून ठेवू नका, आपोआप पेट घेते.

खेळताना मऊ चेंडू घ्या, स्विंग सावकाश ठेवा. डोक्यालगत भेग असेल तर तो क्लब भिंतीवरच बरा.